सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल

विदर्भ, मराठवाडा व खानदेश या कापसाच्या मुलखात सरकीची पेंड, म्हणजेच ढेप, हा दुभत्या जनावरांचा आवडता खुराक होय. टरफलासह गाळलेल्या पेंडीत सुमारे २० ते २४ टक्के, तर टरफल काढून गाळलेल्या पेंडीत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. तथापि हीच पेंड लहान वासरांना व कोंबड्यांना अपायकारक ठरू शकते. त्यास कारण गॉसिपॉल हे विषारी द्रव्य होय.

सरकीचा गर कापून पाहिल्यास त्यात बारीक काळसर ठिपके दिसतात. या रंगग्रंथींत गॉसिपॉल साठलेले असते. प्रौढ गाई-म्हशींच्या पहिल्या पोटात त्याचा बराचसा भाग प्रथिनांशी बांधला जाऊन निरुपद्रवी होतो. लहान वासरांत हे पोट पुरेसे वाढलेले नसते आणि कोंबड्यांना तर ते नसतेच. मोकळ्या गॉसिपॉलमुळे वासरांच्या हृदयावर दुष्परिणाम होऊन ती दगावतात. कोंबड्यांची साठविलेली अंडी फोडली असता बलक हिरवट दिसतो.

गॉसिपॉल निरुपद्रवी करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली उष्णतेची. ओलसर गर वाफेवर शिजविल्यास ग्रंथी फुटून गॉसिपॉल प्रथिनांतील लायसिन या घटकाशी बांधले जाते. विषारीपणा घटतो, परंतु तितके लायसिन जनावरांच्या अंगी लागत नाही. म्हणून अधिक तापविणे हिताचे नव्हे.

दुसरी रीत ग्रंथीच वेगळ्या काढण्याची. ती अमेरिकन कृषिखात्याच्या न्यू ऑर्लिन्स येथील प्रयोगशाळेने विकसित केली. ग्रंथी पाण्याने फुटतात, हेक्झेन या द्रावकात मात्र अखंड राहतात. यास्तव वाळविलेला गर हेक्झेनमध्ये दळून ते मिश्रण शंकूच्या आकाराच्या यंत्रातून वेगाने फिरवितात. ग्रंथी जाड्याभरड्या भागासह खालून, तर बारीक पीठ वरून बाहेर पडते. द्रावक काढून टाकल्यावर ६५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले पीठ उरते.

हे काम कारखान्याचे आहे. घरी पेंड भिजवून वा उकळून किती गॉसिपॉल उरले, हे डोळ्यांना कळत नाही. यास्तव लहान वासरांना सरकी किंवा तिची पेंड देऊ नये. बुरशी न लागलेली भुईमुगाची पेंड द्यावी. कोंबड्यांच्या खाद्यात सरकीची पेंड मिसळण्यापूर्वी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक गोठ्यापर्यंत पोहोचवावी. कारण गाईला मानवणारा खुराक तिच्या वासरालाही मानवेलच, असे नाही.