रोबोचे अंग आणि रोबोचे सर्किट

अंजूरच्या आसपास आता गोदामांच्या रांगा आहेत, आणि भिवंडीकडे निघाले की यंत्रमागांची खडखड कानावर येते. छंद म्हणून छोटा रोबो करू पाहणाऱ्या इथल्या मुलाला पहिला धडा मागावरच मिळू शकतो. धोटा पलीकडे जातो, बाण्याचा दोरा ताणला जातो आणि तो कडेच्या एका लहानशा काट्याला ढकलतो. दोरा तुटला असेल तर काटा जागचा हलत नाही, मागच्या अडकणीत गुंततो आणि माग थांबतो. हा काटा म्हणजे सेन्सरच, आणि तो यंत्राचा अवयवही आहे. कॉलेजातल्या प्रोजेक्टमध्ये मात्र सांगाडा मेकॅनिकलवाल्यांचा आणि सर्किट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी होते. लहान रोबोपुरती तरी ही वाटणी चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच कागदावर आखल्या पाहिजेत.

काळ्या पट्टीवरून चालणारा साधा ‘लाइन फॉलोअर’ घ्या. त्यात सर्रास वापरला जाणारा टीसीआरटी ५००० हा इन्फ्रारेड सेन्सर जमिनीपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगला काम करतो. ही उंची सर्किट ठरवत नाही. ती चाकाचा व्यास आणि पुढचे कॅस्टर, म्हणजे मोकळे फिरणारे लहान चाक, ठरवतात. मोठे चाक लावले की सेन्सर वर सरकतो आणि कालपर्यंत नीट चालणारा रोबो पट्टी सोडतो. मोटरची गोष्ट याहून बोलकी आहे. पिवळी बीओ (बॅटरी ऑपरेटेड) मोटर मोकळी फिरताना थोडाच करंट घेते, पण चाक अडले की तो कित्येक पट वाढतो. एल २९३ डी ही ड्रायव्हर चिप दर मोटरमागे सलग ६०० मिलिअँपिअरच पेलते. दोन्ही मोटरी एकदम अडल्या तर बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, कंट्रोलर रीसेट होतो, आणि विद्यार्थी रात्रभर प्रोग्राममधली चूक शोधत बसतो. खरी चूक अनेकदा भलतीकडेच असते: कॅस्टर घासते आहे, किंवा बॅटरीचे वजन मोटरच्या चाकांपासून फार लांब पडले आहे. हे ज्याला ठाऊक आहे तो बोर्ड आखतानाच मोटरचे ट्रॅक रुंद ठेवतो, कारण नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा असतो. मोटरची आणि कंट्रोलरची ग्राउंड तो बॅटरीपाशी एकत्र आणतो आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर चिपच्या पायांना अगदी खेटून बसवतो.

तयार किट मिळत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पवईच्या आयआयटीतल्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पातही ‘फायर बर्ड ५’ हा तयार रोबो वापरला गेला. प्रोग्रामिंग शिकवायचे असेल तर ते योग्यच आहे, आणि पहिला रोबो किटमधून करायलाही हरकत नाही. पण किटमध्ये भोके कुठे पाडायची, वजन कुठे ठेवायचे, हे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मोठ्या कंपन्यांतही कामाची वाटणी असतेच ना? असते. मात्र तिथे दोन्ही बाजूंचा मेळ घालायला अनुभवी माणसे असतात; चार मुलांच्या गटात तशी कोणी नसतात. शिवाय भूलभुलैयातून वाट काढणाऱ्या ‘मायक्रोमाउस’ स्पर्धांत आजचे बरेच वेगवान उंदीर पाहा. त्यांचा सर्किट बोर्ड हाच सांगाडा असतो, मोटरी थेट त्यावरच बसवतात. आणि गोदामात रॅक उचलून नेणारी स्वयंचलित यंत्रे? ॲमेझॉनने २०१२मध्ये किवा ही कंपनी विकत घेतली, तिचे रोबोही लाइन फॉलोअरसारखेच मुळात दोन चाकांच्या वेगातल्या फरकावरच वळतात. असे यंत्र बंद पडले की दुरुस्त करणाऱ्यापुढे ते अख्खे उभे असते, अर्धे मेकॅनिकल आणि अर्धे इलेक्ट्रॉनिक्स असे नाही.

खर्चाची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. बोर्ड आखायचे किकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुटे भाग ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, आणि सुरुवातीला झिरो पीसीबी, म्हणजे आधीच भोके पाडलेला साधा बोर्ड, पुरतो. अंजूर-भिवंडीच्या शिक्षकांना म्हणूनच एक विनंती आहे. पुढच्या प्रोजेक्टला गट पाडण्याआधी प्रत्येक मुलाकडून पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा रोबो कापून घ्या. चाके, बॅटरी, सेन्सर आणि बोर्ड त्यावर मांडून झाल्यावरच सोल्डरिंग गन हातात द्या.