मागच्या दाराची कडी

क्रायस्लर ही अमेरिकेतील मोटार कंपनी 1979 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. रोकड संपत आलेली, वसुली मंद, आणि यार्डात न विकलेल्या मोटारींच्या रांगा. अध्यक्ष ली आयाकोका सरकारच्या दारी गेले आणि दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला सरकारची हमी मिळाली. हमी आणि कर्ज यांतील फरक व्यापारी वाचकांना सांगावयास नको. पैसे सावकारांचे होते, सरकारने केवळ जामीनकीची सही केली होती. 1983 साली, मुदतीच्या सात वर्षे आधी, कंपनीने ते कर्ज फेडले. त्याच वर्षाच्या अखेरीस एक नवे वाहन बाजारात आले आणि पुढे कंपनीचा मोठा आधार त्यावरच राहिला. त्याचे नाव मिनीव्हॅन.

डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या दोन नावांनी ते विकले जाई. घराच्या गॅरेजात मावणारे, साध्या मोटारीसारखे चालणारे, तरीही तीन रांगांत सात माणसे बसविणारे असे हे वाहन होते. बाजूला सरकते दार, मागे वर उचलले जाणारे दार, आणि जमिनीपासून फार उंच नसल्याने मुलांना चढउतार सोपी. अमेरिकन गृहिणीने ते उचलून धरले. शाळा, खेळाचे मैदान, आठवड्याचा बाजार, आजीआजोबांकडची फेरी, सारे याच गाडीतून होऊ लागले. मागच्या रांगेत बहुतेक मुले बसत. म्हणूनच त्या मागच्या दाराच्या कडीची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

कडी म्हणजे दारावरची अडकणी आणि चौकटीवरचा खुंटा. या गाड्यांच्या सुरुवातीच्या वर्षांत तो खुंटा गोल होता आणि त्याला टोकाशी रुंद डोके नव्हते. एरवी त्याने काही बिघडत नसे. पण बाजूने दुसऱ्या वाहनाची धडक बसली की चौकट पिळवटे, अडकणी खुंट्यावरून सरके आणि दार उघडे पडे. मग आतील माणूस बाहेर फेकला जाई. शिवाय एक कायदेशीर विसंगती होती. दारांच्या कड्या किती बळकट असाव्यात याचे संघीय मानक बाजूच्या दारांना लागू होते, मागच्या दाराला नव्हते. त्यामुळे आपली गाडी सर्व सरकारी मानकांनुसार आहे, असे कंपनी म्हणू शकत होती आणि अक्षरशः पाहता ते खोटे नव्हते. अशा नियमपालनाला किती वजन द्यायचे, हे लेखापरीक्षणात आयुष्य गेलेल्या माणसाला ठाऊक असते.

अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा 1966 चा. त्याच्या आदल्या वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाचे मोटार उद्योगावर टीका करणारे पुस्तक गाजले होते, आणि लिंडन जॉन्सन यांच्या सहीने कायदा झाला. तो राबविणारी यंत्रणा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तेथील लोक तिला ‘निट्सा’ म्हणतात. तिच्या दोषतपास विभागाकडे कोणीही वाहनमालक तक्रार नोंदवू शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. तक्रारींची चाळणी होते, मग प्राथमिक तपास, आणि त्यात तथ्य दिसले तर अभियांत्रिकी तपास. कंपनीकडून कागदपत्रे मागवली जातात. दोष सुरक्षेशी निगडित आहे असे विभागाचे मत बनले की कंपनीला वाहने परत बोलावण्याविषयी पत्र जाते. कंपनीने नकार दिला तर जाहीर सुनावणी, अंतिम निर्णय आणि त्यानंतर कोर्ट. इतक्या टोकाला प्रकरणे क्वचितच जातात. बहुतेक कंपन्या आधीच नमते घेतात. दुरुस्तीचा खर्च मालकाकडून घेता येत नाही.

मिनीव्हॅनच्या कडीचा तपास 1993 च्या अखेरीस सुरू झाला. धडकेत मागचे दार उघडून माणसे बाहेर फेकली गेल्याच्या तक्रारी येत होत्या. 1994 च्या अखेरीस सरकारने घेतलेल्या धडक-चाचणीत दार उघडले आणि आत बसवलेले पुतळे रस्त्यावर पडले. त्या चाचणीची चित्रफीत लोकांना दाखवावी की नाही, यावरही वाद झाला. अखेर मार्च 1995 मध्ये कंपनीने चाळीस लाखांहून अधिक गाड्यांच्या कड्या विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले.

मात्र त्याला ‘रिकॉल’ म्हणायचे नाही, असे ठरले. कंपनीने ‘सेवा मोहीम’ असा शब्द वापरला. कडीत दोष आहे हे मान्य केले नाही, केवळ ग्राहकांच्या मनःशांतीसाठी आपण हे करीत आहोत, अशी भूमिका घेतली. सरकारनेही ती चालवून घेतली, कारण लांबलचक कोर्टकज्ज्यापेक्षा कड्या लवकर बदलल्या जाणे त्याला महत्त्वाचे वाटले. या तडजोडीत व्यवहारज्ञान नव्हते असे नाही. पण ‘आपल्या गाडीत धोका आहे’ असे पत्र आणि ‘आपल्या समाधानासाठी एक भाग बदलून देऊ’ असे पत्र, यांतले कोणते वाचून माणूस दुसऱ्या दिवशी गॅरेज गाठेल?

तपास सुरू असतानाच, एप्रिल 1994 मध्ये, दक्षिण कॅरोलायना राज्यातील नॉर्थ चार्ल्स्टन येथे 1985 ची एक डॉज कॅराव्हॅन चौकात दुसऱ्या मोटारीवर आदळून उलटली. मागचे दार उघडले आणि सहा वर्षांचा एक मुलगा बाहेर फेकला जाऊन मरण पावला. पालकांनी दावा लावला. ऑक्टोबर 1997 मध्ये ज्यूरीने 26 कोटी 25 लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. त्यांपैकी 25 कोटी कंपनीला शिक्षा म्हणून होते. वृत्तपत्रांनी तो आकडा ठळक छापला. 2001 मध्ये अपील कोर्टाने शिक्षेची रक्कम रद्द केली आणि उरलेल्या भरपाईचा प्रश्न नव्याने चालवण्यास सांगितले. ही दुसरी बातमी मात्र पहिलीइतक्या लोकांच्या लक्षात राहिली नाही. निकाल कोणाच्या बाजूने न्याय्य, याविषयी मतभेद असू शकतात. तारखांविषयी ते असू शकत नाहीत. तपास सुरू होण्यापासून मोहीम जाहीर होईपर्यंत सुमारे सोळा महिने गेले, आणि हा अपघात त्या सोळा महिन्यांच्या आतला होता.

1995 मध्येच मागच्या दारांना कड्यांचे मानक लागू करण्याचा नियम निघाला आणि 1997 पासून तो अंमलात आला.

मिनीव्हॅनवरची नजर पुढेही हटली नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये टोयोटाने सिएना गाडीच्या सरकत्या दारांतील दोषापायी अमेरिकेत सात लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. दार अडकून मोटरवर ताण आला तर ते चालत्या गाडीत उघडण्याचा संभव होता. पुढच्याच वर्षी होंडाने ओडिसीच्या सुमारे आठ लाख गाड्या बोलावल्या. दुसऱ्या रांगेतील आसन आडवे सरकवल्यानंतर नीट अडकले नाही तर ब्रेक मारताच पुढे कलंडू शकत होते. 2022 मध्ये पॅसिफिका या मिनीव्हॅनच्या संकरित प्रकारातील काही गाड्यांना आग लागण्याचा धोका आढळला, तेव्हा मालकांना गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करण्यास सांगण्यात आले. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये मुले-नातवंडे असलेल्या आपल्याकडील किती घरांना या गाड्यांची नावे तोंडपाठ असतील!

अशा घरांनी लक्षात ठेवावे असे थोडे. कंपनीचे पत्र नोंदणीतील पत्त्यावर जाते. गाडीने दोनदा हात बदलले किंवा मालकाने घर बदलले की पत्र हुकते. म्हणून पत्राची वाट न पाहता गाडीवरचा सतरा अंकाक्षरांचा ओळखक्रमांक निट्साच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, प्रलंबित दुरुस्ती लगेच कळते. वापरलेली गाडी घेताना तर हे अवश्य करावे, कारण दुरुस्ती न झालेली जुनी गाडी विकण्यास तेथील विक्रेत्याला संघीय कायद्याची सरसकट मनाई नाही. पस्तीसपेक्षा अधिक गाड्या असलेल्या भाड्याच्या कंपन्यांना मात्र 2016 पासून अशी गाडी भाड्याने देता येत नाही. विनामूल्य दुरुस्तीचा कायदेशीर हक्क गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत असतो.

भारतात हा विषय पुष्कळ उशिरा कायद्यात आला. 2012 पासून कंपन्यांची ऐच्छिक संहिता होती. दुकानांच्या दारी माल उतरवताना दिसणाऱ्या मारुती ईकोच्या 40,453 गाड्या नोव्हेंबर 2020 मध्ये दिव्यावरील मानकचिन्हाच्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या, त्या ऐच्छिक पद्धतीनेच. 2019 च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत. आपल्याकडे वर्षाच्या विक्रीच्या प्रमाणात तक्रारींचा किमान आकडा ठरवून दिला आहे. अमेरिकेत असा आकडा नाही, गंभीर दोषाच्या थोड्या तक्रारींवरही तपास उघडता येतो. आणि आपले नियम सात वर्षांहून कमी वयाच्या वाहनांपुरते आहेत. पेढीच्या मागे उभी असलेली, दहा वर्षे इमानाने माल वाहणारी व्हॅन त्यांत बसत नाही. तिच्या मागच्या दाराची कडी मालकानेच पाहायची आहे.