रुग्णालयाच्या दारांतील निवड

दुकानांत जो आधीं येतो त्यास माल आधीं मिळतो, हा न्याय आम्हां सर्वांना सहज पटतो. तोच न्याय मनांत धरून मनुष्य रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत जातो, आणि आपल्यामागून आलेल्या दुखणाइतास आधीं आंत नेलेलें पाहून संतापतो. हा संताप कितपत योग्य, हें ठरविण्यास तेथील निवडीची रीत ठाऊक असली पाहिजे.

या रीतीस ट्रायाज असें फ्रेंच नांव आहे. निवडून वेगळें करणें हा त्याचा अर्थ. आपल्याकडे सुपांत धान्य निवडतात तसेंच. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य डोमिनिक जाँ लारे (१७६६–१८४२) यानें तिचा पाया घातला. त्यापूर्वीं जखमी शिपाई पुष्कळदां लढाई संपेपर्यंत रणांगणावरच तळमळत पडत. लारे यानें १७९२ पासून घोड्यांच्या हलक्या गाड्या त्यांच्यापर्यंत नेण्याची योजना केली, आणि ज्याची जखम अधिक भयंकर त्यावर उपचार प्रथम, असा नियम घातला. मग तो साधा शिपाई असो वा सेनापति. लष्करासारख्या हुद्द्याच्या राज्यांत हा नियम लहान नव्हे!

इंग्लंडांतील मँचेस्टर येथें १९९४ सालीं एकत्र आलेल्या डॉक्टर व परिचारिकांनीं बसविलेली पद्धति आज अनेक देशांत चालते. तींत पांच रंग आहेत. तांबडा म्हणजे तत्काळ, नारिंगी १० मिनिटांत, पिवळा ६०, हिरवा १२० व निळा २४० मिनिटांत. परिचारिका येथें रोगाचें नांव शोधीत बसत नाहीं. श्वासमार्ग मोकळा आहे काय, रक्त किती जातें, शुद्धि कितपत आहे, वेदना व ताप किती, एवढेंच ती पाहते. मोठ्यानें ओरडणारा यांत बहुधा मागें राहतो. ज्यास ओरडतां येतें त्याचा श्वास चालूं आहे, हें उघडच झालें! कोपऱ्यांत घामाघूम होऊन, छातीवर हात ठेवून मुकाट बसलेला गृहस्थच तिला अधिक भिववितो. शिवाय हा रंग कायमचा नव्हे. थांबलेल्यांस पुनः पुनः पाहावें लागतें, कारण तासाभरांत हिरव्याचा तांबडा होऊं शकतो. ही फेरी जेथें चुकते तेथें, आमच्या मतें, सारी पद्धति कागदावरच राहते.

आगगाडीच्या अपघातासारख्या प्रसंगीं जखमी शेंकडों आणि डॉक्टर चार, तेव्हां हिशेब अधिक कठोर होतो. कॅलिफोर्नियांतील न्यूपोर्ट बीच येथें १९८३ सालीं तयार झालेल्या 'स्टार्ट' पद्धतींत चालूं शकणारे प्रथम बाजूस काढतात. ज्याचा श्वास बंद आहे त्याचा श्वासमार्ग मोकळा करतात. श्वास सुरू झाला तर तांबडी चिठ्ठी, न झाला तर काळी, आणि पुढच्याकडे वळतात. एरवीं अशाच रोग्याभोवतीं अवघें रुग्णालय धांवलें असतें. त्या दिवशीं मात्र एकापाशीं हात गुंतले, तर ज्यांचें रक्त नुसतें दाबून थांबवितां आलें असतें असे दोघे प्राणास मुकतात. काळी चिठ्ठी बांधणाऱ्यास विचार करीत उभें राहण्याचीहि सोय नसते. एका रुग्णामागें मिनिटाहून कमी वेळ धरलेला असतो.