विद्युत अभियांत्रिकी : कारागिरांच्या मुलांसाठी खुली वाट

दहावीचा निकाल लागला की आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी एक प्रश्न उभा राहतो. मुलाला दुकानात बसवायचे की पुढे शिकवायचे? मोटार रिवाइंडिंग, वायरिंग, पॅनेल दुरुस्ती ही कामे करणाऱ्यांसाठी या दोन वाटा वेगळ्या नाहीत, असे आम्हाला वाटते. विद्युत अभियांत्रिकी हे दुकानातल्याच कामाचे पुढचे शिक्षण आहे.

हातातले काम आणि शास्त्र

यंत्रमागाच्या मोटारीचेच उदाहरण घेऊ. थ्री फेज मोटार चालू असताना एक फेज गेला तर ती लगेच थांबतेच असे नाही. तेवढाच भार ओढण्यासाठी ती उरलेल्या फेजमधून जादा करंट खेचते, वाइंडिंग तापते आणि जळते. कारागीर जळालेली तार काढून नवी भरतो. अभियंता ती का जळाली याचा हिशेब मांडतो आणि योग्य रिले किंवा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून पुढचे नुकसान टाळतो. सर्किट, विद्युत यंत्रे, पारेषण, संरक्षण, नियंत्रण हे या शाखेचे मुख्य विषय. त्यांचा पाया गणित आहे. म्हणून गणिताकडे शाळेपासूनच लक्ष द्यावे.

शिक्षणाचे मार्ग

बारावी विज्ञाननंतर राज्याची सीईटी देऊन ४ वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईची व्हीजेटीआय (स्थापना १८८७) आणि पुण्याची सीओईपी (१८५४) या नामवंत संस्थांत ही शाखा आहे. आयआयटीसाठी जेईईच्या दोन्ही टप्प्यांच्या परीक्षा द्याव्या लागतात.

दुसरा मार्ग तंत्रनिकेतनाचा. दहावीनंतर ३ वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन्ही मार्गांना वर्षे सारखीच, ६ लागतात. मात्र डिप्लोमावाल्याच्या हाती ३ वर्षांतच कमाईचे साधन येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर हाच मार्ग आम्ही सुचवू. आयटीआयचा २ वर्षांचा वीजतंत्री अभ्यासक्रम केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे आयटीआय झाले म्हणून पुढचे दार बंद होत नाही.

परवान्याचे महत्त्व

आपला कारागीर काम उत्तम करतो, पण सही दुसऱ्याची असते. नव्या वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. ठेकेदाराकडे परवानाधारक पर्यवेक्षक असावा लागतो. राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ हे परवाने देते. डिप्लोमा किंवा पदवीधारकाला ठराविक अनुभवानंतर पर्यवेक्षकाचा परवाना मिळू शकतो. घरात असा एक परवाना आला तर मजुरीवर काम करणारे दुकान स्वतःचा ठेका घेऊ शकते. मोठा नफा सहीच्या बाजूला असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

नोकरीच्या संधी

राज्य वीज मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्या झाल्या. त्यांत आणि रेल्वेत डिप्लोमा व पदवीधारकांची भरती होते. एनटीपीसी, पॉवरग्रिडसारख्या केंद्रीय कंपन्या गेट परीक्षेच्या गुणांवर अभियंते घेतात. नाशिकच्या सातपूर व अंबड वसाहतींत स्विचगिअरचे कारखाने आहेत. छतावरील सौर वीज योजना फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाल्याने बसवणी व देखभालीचे नवे काम निर्माण झाले आहे. आखाती देशांत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की सौदी अरेबियात अभियंता म्हणून काम करण्यासाठी तेथील अभियंता परिषदेकडे नोंदणी लागते. नुसता अनुभव तेथे पुरत नाही.

केवळ पदवी मिळाली म्हणून नोकरी दारात येत नाही, हेही खरे. ज्याला रेखाचित्र वाचता येते आणि पाना-टेस्टरही धरता येतो, त्याला मागणी असते. कारागिराच्या मुलाकडे यातले निम्मे भांडवल घरातूनच आलेले असते. उरलेले निम्मे त्याला मिळवून देणे हे पालकांचे काम आहे. सुट्टीत मुलाला दुकानात जरूर बसवा, पण कॉलेज सुरू झाले की दुकानासाठी त्याचे तास बुडवू नका. मुलींसाठीही ही शाखा तितकीच खुली आहे. डिझाइन, चाचणी व नियंत्रण कक्षाच्या कामांत त्यांना चांगला वाव आहे.