कोशिका संवर्धन

कोशिका संवर्धन : सजीवाच्या शरीरातून काढलेल्या कोशिका (पेशी) कृत्रिम पोषक माध्यमात, जंतुविरहित परिस्थितीत जिवंत ठेवण्याच्या व वाढविण्याच्या तंत्राला कोशिका संवर्धन म्हणतात आणि अशा रीतीने वाढविलेल्या कोशिकांच्या समूहाला संवर्ध म्हणतात. शरीरातील कोशिकेवर रक्त, हॉर्मोने व शेजारच्या कोशिका यांचा एकाच वेळी परिणाम होत असल्याने त्यांपैकी कोणत्या घटकामुळे काय घडते, हे ठरविणे अवघड असते. शरीराबाहेर वाढविलेल्या कोशिकेवर एकेका घटकाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासता येतो. यामुळे कोशिकाविज्ञान, व्हायरसविज्ञान, कर्करोग संशोधन व लसनिर्मिती या क्षेत्रांत हे तंत्र पायाभूत ठरले आहे. मात्र शरीरापासून वेगळी झालेली कोशिका कोणाची व कोणत्या अवयवाची, हे नुसत्या पाहण्याने क्वचितच ओळखता येते. संवर्धपात्रावरील चिठ्ठी व संशोधकाची नोंदवही हीच तिची ओळख असते. म्हणून या तंत्रात हस्तकौशल्याइतकेच नोंदींच्या अचूकपणालाही महत्त्व आहे. येथे प्राणिकोशिकांच्या संवर्धनाचा विचार केला आहे.

इतिहास : रॉस ग्रॅनव्हिल हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील तंत्रिका ऊतकाचा (मज्जातंतूंच्या पेशीसमूहाचा) लहानसा तुकडा लसीकेच्या थेंबात ठेवला व तो थेंब काचपट्टीच्या खळग्यावर टांगता ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तंत्रिका तंतू हा अनेक कोशिका जुळून बनतो की एकाच कोशिकेतून बाहेर वाढत जातो, हा त्या वेळचा वादाचा प्रश्न होता. तंतू कोशिकेतूनच वाढत जात असल्याचे हॅरिसन यांना प्रत्यक्ष दिसले. जॉन एंडर्स, टॉमस वेलर व फ्रेडरिक रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये पोलिओचा व्हायरस तंत्रिका ऊतकाव्यतिरिक्त अन्य मानवी ऊतकांच्या संवर्धातही वाढतो, असे दाखविले. या कार्याबद्दल त्यांना १९५४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोशिकांचे आयुष्य : आलेक्सी कारेल यांनी न्यूयॉर्क येथे १९१२ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयापासून सुरू केलेला संवर्ध १९४६ पर्यंत, म्हणजे कोंबडीच्या आयुर्मर्यादेच्या कितीतरी पलीकडे, टिकविण्यात आला. त्यावरून शरीराबाहेरील कोशिका अमर असतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. ज्यांचे संवर्ध टिकत नसत ते संशोधक आपल्याच हातांना दोष देत. लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये हा समज खोडून काढला. मानवी भ्रूणाच्या तंतुजनक कोशिका (संयोजी ऊतकातील तंतू निर्माण करणाऱ्या कोशिका) सु. ५० वेळा विभाजित झाल्यावर विभाजन थांबवितात, असे त्यांना आढळले. हा माध्यमाचा किंवा हाताळणीचा दोष नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी पुष्कळ विभाजने झालेल्या पुरुषजातीय कोशिका व कमी विभाजने झालेल्या स्त्रीजातीय कोशिका एकाच पात्रात एकत्र वाढविल्या. काही काळाने पात्रात केवळ स्त्रीजातीय कोशिका उरल्या. पात्र व माध्यम एकच असल्याने फरकाचे कारण कोशिकांच्या अंतर्भागातच होते. कारेल यांच्या निष्कर्षाची पुनःप्रचीती इतरांना आली नाही. माध्यमात वेळोवेळी घातलेल्या भ्रूणाच्या अर्काबरोबर नव्या जिवंत कोशिका नकळत मिसळल्या असाव्यात, असे एक स्पष्टीकरण त्यावर दिले जाते.

हीला कोशिका : अनिर्बंधपणे वाढत राहणारा पहिला मानवी कोशिकावंश (एकाच मूळ ऊतकापासून पिढ्यान्‌पिढ्या वाढविलेल्या कोशिका) १९५१ मध्ये अमेरिकेतील बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात जॉर्ज ओटो गे यांच्या प्रयोगशाळेत मिळाला. हेन्‍रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशय ग्रीवेतील कर्करोगाच्या अर्बुदातून (गाठीतून) या कोशिका घेतल्या होत्या. तिच्या नावाच्या व आडनावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना हीला हे नाव पडले. त्या सु. २४ तासांत दुप्पट होतात. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी त्या स्त्रीचा मृत्यू झाला. कोशिका मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या व १९५४ मधील पोलिओ लशीच्या व्यापक चाचणीच्या कामी त्यांचा मोठा उपयोग झाला. संशोधनासाठी कोशिका घेताना तिची संमती घेतलेली नव्हती आणि कुटुंबीयांनाही ही गोष्ट सु. दोन दशकांनंतर कळली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी कुटुंबीयांशी करार करून या कोशिकांच्या जननिक माहितीच्या वापराविषयीच्या निर्णयांत त्यांना सहभागी करून घेतले. कोशिकेच्या ओळखीमागे एक माणूस असतो, ही जाणीव या प्रकरणामुळे संशोधनक्षेत्रात दृढ झाली.

कार्यपद्धती : माध्यमात लवणे, ग्लुकोज, ॲमिनो अम्‍ले व जीवनसत्त्वे असतात आणि त्यात बहुधा ५ ते १० टक्के रक्तरस (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा निवळ द्रव) मिसळतात. माध्यमात फिनॉल रेड हे रंजकद्रव्य असते. कोशिकांच्या चयापचयाने (शरीरक्रियात्मक रासायनिक घडामोडींनी) अम्‍लता वाढली की तांबडे माध्यम पिवळे होते. रंगातील असा बदल ही संशोधकाला मिळणारी पहिली सूचना होय. पात्रे ३७° से. तापमानाच्या, ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या दमट पेटीत ठेवतात. पात्रे उघडण्याचे काम गाळलेल्या हवेचा संथ झोत असलेल्या कपाटात करतात. पात्राच्या तळावर कोशिकांचा थर पूर्ण भरत आला की ट्रिप्सिन या एंझाइमाने त्या सुट्या करून नव्या पात्रांत विभागतात. या क्रियेचा क्रमांक प्रत्येक वेळी नोंदवितात. ट्रिप्सिनाची क्रिया काही मिनिटे अधिक लांबली, तरी कोशिकांना इजा पोहोचते. जास्तीच्या कोशिका गोठणरोधक द्रव्य मिसळून दर मिनिटास सु. १° से. या गतीने थंड करतात व द्रव नायट्रोजनात (सु. –१९६° से.) साठवितात. कोशिकांना सुटी नसल्याने संशोधकाचे वेळापत्रक त्यांच्या वाढीवर ठरते आणि सणावारीही माध्यम बदलण्यासाठी प्रयोगशाळेत यावे लागते.

भेसळ : सूक्ष्मजंतू किंवा बुरशी शिरल्यास माध्यम गढूळ होते व दोष उघड होतो. मायकोप्लाझ्मा हे अतिसूक्ष्म जंतू मात्र माध्यम गढूळ न करता कोशिकांचे चयापचय बदलतात. त्यांना कोशिकाभित्ती नसल्याने पेनिसिलिनाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. म्हणून ठराविक काळाने त्यांच्यासाठी स्वतंत्र चाचणी करावी लागते.

याहून गंभीर भेसळ एका कोशिकावंशाची दुसऱ्यात होते. हातातील एकाच पिपेटचा दोन पात्रांत वापर झाला, तरी वेगाने वाढणाऱ्या कोशिका काही आठवड्यांत मूळ कोशिकांची जागा घेतात. स्टॅन्ली गार्टलर या जननविज्ञानवेत्त्यांनी १९६६ मध्ये वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ मानवी कोशिकावंशांतील एका एंझाइमाचा प्रकार तपासला. सर्वांत एकच प्रकार आढळला व तो आफ्रिकी वंशाच्या लोकांतच दिसणारा होता. हे सर्व वंश वस्तुतः हीला कोशिका असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. यकृताच्या वा आतड्याच्या म्हणून अभ्यासलेल्या कोशिका दुसऱ्याच अवयवाच्या ठरल्याने त्यांवर आधारलेल्या कामाचे मूल्य संशयास्पद झाले. हा निष्कर्ष मान्य होण्यास बराच काळ लागला. पुढे आंतरराष्ट्रीय यादीत अशा चुकीच्या ओळखीच्या पाचशेहून अधिक कोशिकावंशांची नोंद झाली. आता डीएनएमधील पुनरावृत्त लघुखंडांच्या तपासणीने मानवी कोशिकावंशाची ओळख निश्चित करता येते आणि अनेक नियतकालिके प्रकाशनापूर्वी अशा तपासणीचा दाखला मागतात.

भारतातील कार्य : कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचा जन्म पुण्याचा. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी बॉल्टिमोर येथे गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतक संवर्धनाचे शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी मुंबई येथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. भारतात या तंत्राचा पाया घालणाऱ्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. १९८० नंतरच्या दशकात पुणे येथे प्राणी ऊतक व कोशिका संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. येथील कोशिकासंग्रहातून देशभरच्या संशोधकांना कोशिकावंश पुरविले जातात.

ओळख पटलेल्या संग्रहातून कोशिका घेणे, आरंभीच त्यांचा काही भाग गोठवून ठेवणे, एका वेळी एकच कोशिकावंश हाताळणे आणि ठराविक काळाने ओळख तपासणे, हे नियम साधे आहेत. ते पाळणे कठीण जाते ते तपासणीचा निकाल प्रतिकूल आल्यावर. भेसळ आढळलेला संवर्ध नष्ट करावा लागतो व त्यावर खर्ची पडलेले काही महिन्यांचे काम बाजूला ठेवावे लागते. ज्या प्रयोगशाळेत हे विनातक्रार केले जाते, तेथील निष्कर्षांवर इतरांना पुढील संशोधन उभारता येते.