संगीत: मायनर की डबल मेजर?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्रासोबत संगीत शिकण्याची वाट मोकळी झाली. तिच्याबद्दलचे गैरसमज मात्र निस्तरायला हवेत.

‘मायनर म्हणजे हौस, डबल मेजर म्हणजे खरं शिक्षण.’
फरक तासांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीची १२० क्रेडिट आहेत. त्यांत मायनरला (दुय्यम विषयाला) २४, तर दुसऱ्या मेजरला (मुख्य विषयाला) किमान ४८. एक क्रेडिट म्हणजे व्याख्यानाचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे मात्र ३०. संगीतात प्रात्यक्षिकं जास्त, म्हणून तेवढ्याच क्रेडिटसाठी इतिहासापेक्षा अधिक वेळ वर्गात जातो. तो बहुधा रियाजातूनच कापला जातो. गुरूंकडे नियमित तालीम चालू असेल, तर मी मायनरच सुचवेन: संगीतशास्त्र शिस्तीनं वाचून होतं आणि सकाळचा रियाज शाबूत राहतो. (विद्यापीठागणिक आकडे थोडे बदलतात, आपल्या महाविद्यालयाचा तक्ता मागून घ्या. संगीत विभाग आहे का, हेही तेव्हाच कळेल.)

‘विशारद झालं की बी.ए. झालंच.’
अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ विशारदची परीक्षा घेतं. ते विद्यापीठ नाही. विशारदचा मान मोठा आहे, पण ती पदवीच्या जागी धरायची का, हे प्रत्येक संस्था आपल्या नियमानं ठरवते.

‘संगीताची पदवी नसेल तर कलाकार होता येत नाही.’
हा गैरसमज सर्वांत चिवट, आणि मुलांना सर्वांत जास्त घाबरवणारा. शास्त्रीय गायिका डॉ. अश्विनी भिडे-देशपांडे सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.; त्यांची जीवरसायनशास्त्रातली पीएच.डी. भाभा अणुसंशोधन केंद्रातली. गायिका डॉ. प्रभा अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. संगीतातली डॉक्टरेट नंतरची. अश्विनीताईंचा गळा घडला तो नारायणराव दातार आणि आई माणिक भिडे यांच्यापुढे, प्रभाताईंचा सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्यापुढे. भरलेल्या वर्गात एकेकाचा सूर इतक्या बारकाईनं तपासणं चांगल्या प्राध्यापकालाही जमत नाही. पदवीची खरी गरज पडते ती महाविद्यालयात शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तेव्हा. पुढे एम.ए. आणि नेटसारखी पात्रता परीक्षा लागते. तिथे मेजरचा पाया उपयोगी पडतो.

‘दोन्ही हवं, तर डबल मेजरच.’
एप्रिल २०२२पासून आयोगानं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. हाही पर्याय वेळापत्रक हातात घेऊनच तपासावा.