कपड्याआधीचा कागद

१९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. एखाद्या भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. २०१२ साली त्यांनी ती सोनेरी बाहुली अमेरिकेतल्या अकादमीकडे सांभाळायला परत दिली. आपल्यामागे इथे तिची नीट निगा राखली जाईल, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून २००४ साली रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं, त्याचा दाखलाही त्यांनी दिला होता. बातमी वाचून अनेक जण हळहळले. मला मात्र दुसरीच काळजी लागली. बाहुलीची सोय झाली, पण ती ज्या पेन्सिलीच्या रेघांनी मिळवून दिली, त्या रेघांचं काय?

भानू अथैया मुळात चित्रकार. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये भानूताईंचं शिक्षण झालं, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली आणि पोटापाण्यासाठी त्या ‘ईव्ह्ज वीकली’त फॅशनची रेखाचित्रं काढत. त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढलं, तेव्हा कपडे बेतायचं काम त्यांच्याकडे आलं आणि तिथून सिनेमा. म्हणजे सगळा प्रवास कागदाकडून कापडाकडे झालेला. तरीही वेशभूषाकाराचा गौरव करताना आपण कापडच डोळ्यांपुढे आणतो. कपडा शिवून झाला की त्याचं रेखाटन ‘कच्चं काम’ ठरतं आणि कच्च्या कामाची वाट रद्दीकडे जाते.

मला हे मान्य नाही. शिवलेला कपडा शेवटी काय ठरलं ते सांगतो. काय काय सुचलं होतं, काय खोडलं आणि का, हे कागदच सांगतो. अर्धवट पुसलेली बाही, कडेला लिहिलेलं माप, टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा हा सगळा विचाराचा माग आहे. तो जपायचा तर कागद जपायला हवा.

हिशेबनीस आणि पाद्र्याची मुलगी

कपड्यांची चित्रं जपायची सुरुवात दरबाऱ्यांनी केली असेल असं वाटतं, पण या विषयातला एक फार जुना ठेवा हिशेबनिसाचा आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात फुगर या बड्या सावकारी घराण्याचे हिशेब पाहणारा मॅथेउस श्वार्त्स. त्याने १५२० साली स्वतःच्या कपड्यांची चित्रवही सुरू केली आणि चाळीस वर्षं चालवली. १३७ चित्रं. कुठल्या प्रसंगी काय घातलं, तेव्हा वय किती होतं, अंग कसं सुटत गेलं, सगळ्याची नोंद. ती वही आज ब्राउनश्वाइगच्या संग्रहालयात आहे.

दुसरी वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बार्बरा जॉन्सन ही पाद्र्याची मुलगी. १७४६ ते १८२३ अशी पंचाहत्तरहून अधिक वर्षं तिने एका जुन्या हिशेबाच्या वहीत आपल्या कपड्यांचे तुकडे लावले. प्रत्येक तुकड्याला कागदाची चिठ्ठी: कापड कोणतं, किती वार, भाव काय, कशासाठी घेतलं. शेजारी छोट्या वार्षिकांतून कापून घेतलेली फॅशनची चित्रं. आई-आजींनी लग्नाच्या खर्चाच्या वह्या कशा ठेवल्या हे आठवणाऱ्याला ही बाई लगेच ओळखीची वाटेल. तिने आपल्या कपड्यांचा हिशेब ठेवला आणि नकळत पाऊण शतकाच्या कापडबाजाराचा इतिहास लिहिला.

त्यानंतरचा काळ छापील फॅशनचित्रांचा. पॅरिसमध्ये १७७८ पासून ‘गॅलरी दे मोद’ची चित्रं निघू लागली. लंडनमध्ये १८०९ ते १८२९ या काळात निघालेल्या अकरमनच्या मासिकात तर काही पानांवर खऱ्या कापडाचे नमुने चिकटवलेले असत. विसाव्या शतकात ‘गझेत द्यू बाँ ताँ’ने साचे कापून त्यातून हाताने रंग भरण्याची ‘पोश्वार’ पद्धत वापरली. आज या चित्रांवर मोठं संकट आहे ते त्यांच्या देखणेपणाचंच. जुन्या अंकांतून ही पानं कापली जातात आणि चौकटीत बसवून सुटी विकली जातात. चित्र भिंतीवर टिकतं, पण कोणत्या अंकातलं, कोणत्या महिन्याचं, शेजारी कोणता मजकूर होता, हे सगळं त्याला पारखं होतं.

चोरीच्या भीतीने राखलेला ठेवा

कपडे बेतणाऱ्या मोठ्या घरांचे संग्रह आज कलेचा वारसा म्हणून पाहिले जातात. त्यांतले बरेच जमले मात्र नकलेच्या धास्तीने. पॅरिसच्या मादलेन व्हियोने हिच्या कपड्यांच्या नकला सर्रास होत. तिने आपल्या कपड्यांच्या पट्टीवर अंगठ्याचा ठसा उमटवायला सुरुवात केली. प्रत्येक कपड्याचे पुढून, मागून आणि बाजूने फोटो घेऊन ते पुरावा म्हणून चिकटवहीत लावले. त्या चिकटवह्या तिने १९५२ साली दान केल्या आणि आज त्या पॅरिसच्या शोभिवंत कलांच्या संग्रहालयात आहेत. न्यायालयात दाखवायला ठेवलेला पुरावा अभ्यासकांचं पाठ्यपुस्तक झाला.

इव्ह सँ लोराँच्या कारखान्यात प्रत्येक कपड्यासाठी एक पत्रक भरलं जाई. त्यावर छोटं रेखाटन, कपड्याचा क्रमांक, कोणत्या कारागिराने शिवला त्याचं नाव, कापड कुठून आलं ते आणि कापडाचा तुकडा. २०१७ साली पॅरिस आणि माराकेश इथे उघडलेल्या त्यांच्या संग्रहालयांचा कणा म्हणजे हीच पत्रकं. त्याच संग्रहात सँ लोराँने कोवळ्या वयात आईच्या मासिकांतून कापून केलेल्या ११ कागदी बाहुल्या आणि त्यांचे चारशेहून अधिक कागदी कपडे आहेत. एका मुलाचा खेळ घरच्यांनी फेकला नाही, म्हणून एका मोठ्या कारागिराची पहिली पावलं आज बघायला मिळतात.

पत्रकावरचं कारागिराचं नाव मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. दर्शनी कपड्यावर फक्त मालकाची पट्टी असते. ज्या हातांनी टाके घातले ते हात कागदावरच सापडतात.

अजिंठा ते दादरच्या गल्ल्या

आपल्याकडे हा इतिहास नाही असं मुळीच नाही. अजिंठ्याच्या भिंती म्हणजे वस्त्रांची थोर चित्रवहीच. ‘आम्रपाली’साठी (१९६६) भानू अथैया यांनी तिथेच जाऊन अभ्यास केला. या भिंतींच्या नकलांची गोष्ट या विषयात धडा म्हणून सांगायला हवी. रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्या लंडनला गेल्या आणि त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. परदेशी गेलं म्हणजे सुरक्षित झालं, हे या आगींनी खोटं ठरवलं. ठेवा सुरक्षित राहतो तो रोजच्या निगेमुळे, गावामुळे नाही.

कोल्हापूरचेच दुसरे थोर चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर. ऑटो रॉथफिल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) या पुस्तकासाठी त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रियांची चित्रं काढली. लुगड्याचा काष्टा, पदर घेण्याची तऱ्हा, नथ, चोळीची गाठ हे सगळं त्यांत निरखून टिपलेलं आहे. त्या काळच्या साहेबी नजरेने समाजाची वर्गवारी करायला ही पुस्तकं निघाली, हे विसरता येणार नाही. पण धुरंधरांचा हात आपल्या माणसांचा पेहराव जाणणारा होता, म्हणून त्या चित्रांकडे आपण आपला दस्तऐवज म्हणूनही पाहायला हवं.

सगळ्यांत दुर्लक्षित आहे तो कारागिरांचा कागद. जरदोजीच्या कारखान्यात बटर पेपरवर नक्षी काढून ती रेघेरेघेने सुईने टोचतात. तो कागद कापडावर पसरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने फिरवली की भोकांतून नक्षी कापडावर उतरते. याला ‘खाका’ म्हणतात. सिनेमातल्या जरदोजीच्या एकेका घागऱ्यामागे आणि शेरवानीमागे असा खाका असतो. काम झालं की तो गुंडाळून माळ्यावर जातो, तेलकट होऊन एकमेकांना चिकटतो आणि एका दिवाळीच्या साफसफाईत फेकला जातो. तीच गत दादर-परळच्या शिंप्यांच्या मापवह्यांची. दुकान बंद झालं की वह्या गेल्या.

कागदाचे शत्रू

माझ्या आत्याने शिवणवर्गाच्या परीक्षेसाठी केलेली वही माझ्याकडे आहे. पाव मापाची पोलकी, झबली, परकर. खाकी कागदावर आखून, कापून चिकटवलेली. एका पोलक्याला खऱ्या खणाचा बोटभर तुकडा टाचणीने लावलेला. टाचणी गंजली होती. डाग पुढे पसरू नये म्हणून मी ती ओढली आणि तिच्यासोबत कागदाचा कपचा निघून आला. ते भोक आता कायमचं आहे. गंज कागद आणि टाचणी यांना एक करून टाकतो. अशा वेळी ओढायचं नसतं, जाणकाराकडे न्यायचं असतं, हे मला नंतर कळलं.

रेखाटनांच्या जतनात खरी अडचण अशी की एकाच पानावर वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तू एकत्र राहतात. कागदाला अल्कधर्मी, चुनखडीयुक्त आवरण मानवतं, कारण ते कागदातलं आम्ल शोषून घेतं. त्याच पानावर रेशीम किंवा लोकर असेल तर त्यांना अल्कता सोसत नाही. तिथे उदासीन कागद लागतो. पेन्सिलीच्या रेखाटनाला पॉलिएस्टरची पारदर्शक पिशवी चालते, पण खडूच्या किंवा कोळशाच्या चित्राला ती लावली तर स्थिर विजेने रंगाचे कण उचलले जातात. स्केचपेनचे रंग उजेडात फार लवकर उडतात. म्हणून असं चित्र प्रदर्शनात ठेवताना उजेड ५० लक्सच्या आसपास राखतात आणि काही महिन्यांनी त्याला अंधारात विश्रांती देतात. सेलोटेप सुकून गळतो, पण त्याचा पिवळा चिकट डाग राहतोच. संग्रहालयात फाटलेलं पान सांधतात ते जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून, कारण पुढे कधी ती पाण्याने सोडवता येते. पुढच्या माणसाला आपलं काम उलगडता आलं पाहिजे, हा या विद्येतला मोठा विवेक आहे.

आपल्या हवेचं वेगळं सांगायला नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कागद सादळतो, बुरशी धरतो, पाठोपाठ कसर आणि झुरळं येतात. आपले पूर्वज पोथ्या फळ्यांमध्ये धरून तांबड्या कापडात बांधत, वेखंड ठेवत आणि ऊन-वारा पाहून उघडत. त्यातलं उघडून बघणं हे अजूनही सर्वांत मोठं औषध आहे. जो गठ्ठा वर्षात एकदाही सुटत नाही, तो वाळवीचा होतो.

चारही कडांसह

आता फोन हातात आहे, तेव्हा फोटो काढला की झालं असं वाटतं. फोटो हवाच, पण तो मूळ कागदाची जागा घेत नाही. कागदाची जाडी, टाचणीची भोकं, मागे उमटलेला दाब, कापडाच्या तुकड्याचा पोत हे पडद्यावर येत नाही. शिवाय फोटो काढताना आपण चित्र तेवढं पकडतो आणि कडा कापतो. काढायचा तर पानाचा पुढून-मागून, चारही कडांसह, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावा.

मोठी कामं संस्थांनी करायची आहेत. फॅशनच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या वह्या निवडून राखाव्यात, निर्मात्यांनी चित्रपट पूर्ण झाल्यावर वेशभूषेची रेखाटनं संग्रहाकडे सोपवावीत, कारखानदारांनी खाके फेकण्याआधी कुणाला तरी विचारावं. घरोघरी तर याहून सोपं काम आहे: रबरबँड काढायचा, यू-पिना हळूच सोडवायच्या, आम्लविरहित कागदाच्या लिफाफ्यात पान सपाट ठेवायचं आणि हे कुणाचं, कधीचं, कशासाठीचं ते पेन्सिलीने लिफाफ्यावर लिहून ठेवायचं.

आत्याच्या वहीचा पहिला फोटो मी काढला तेव्हा तोही पोलक्यापुरताच होता. नंतर पूर्ण पान पाहिलं. समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय: ‘बाई म्हणाल्या मुंढा खोल. पुन्हा कापले.’ खाली तारीख. परीक्षेसाठी केलेल्या त्या वहीत तिने आपली चूक लपवली नाही, लिहून ठेवली. शिवलेलं पोलकं कधीच विरलं असेल. ती शिकत होती, हे या समासामुळे कळतं.